इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मुतखडा आणि भस्म: फोटोत काय दिसते, काय दिसत नाही

‘नॅनो’ हा शब्द आता औषधाच्या डब्यांवर सर्रास दिसतो. नॅनो भस्म, नॅनो कॅल्शियम, नॅनो टूथपेस्ट. जाहिरातीत त्याबरोबर एक करड्या रंगाचा फोटो असतो: खडबडीत गोळे, स्फटिक, खाली कोपऱ्यात एक छोटी रेघ आणि काही आकडे. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातही रुग्ण मोबाइलवर असा फोटो दाखवून विचारतात, “डॉक्टरसाहेब, हे खरं आहे का?” फोटो बहुतेक वेळा खराच असतो. पण तो नेमका कशाचा पुरावा आहे, हे समजले नाही तर फसगत होते, आणि काही वेळा ती तब्येतीवर बेतते.

असे फोटो ज्या यंत्रातून निघतात त्याला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक म्हणतात. त्याचे इंग्रजी लघुरूप एसईएम. या लेखात यंत्राची ओळख करून घेऊ आणि आपल्या भागातल्या रुग्णांच्या रोजच्या परिचयाच्या दोन पदार्थांवर ते वापरले की काय कळते ते पाहू. पहिला पदार्थ शरीरात तयार होतो, तो म्हणजे मुतखडा. दुसरा आपण बाहेरून पोटात घेतो, तो म्हणजे भस्म.

हे यंत्र काम कसे करते?

साध्या सूक्ष्मदर्शकात आपण प्रकाशाने पाहतो. प्रकाशलहरींच्या लांबीमुळे त्याला एक मर्यादा पडते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके त्यात एकच दिसतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अंदाज यावा म्हणून सांगायचे तर डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद आणि करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर.

एसईएममध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरतात. साधारण १ ते ३० हजार व्होल्ट दाबाने इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला जातो. चुंबकीय भिंगे तो अगदी बारीक करतात, आणि मग तिफणीने शेतात एकामागून एक तास काढावेत तसा हा झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरवला जातो. प्रत्येक बिंदूवरून जे काही बाहेर पडते ते मोजून पडद्यावर चित्र उमटते. चांगल्या यंत्रात एक-दोन नॅनोमीटरपर्यंतचा तपशील दिसू शकतो.

नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, पृष्ठभागातून निसटणारे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. यांच्यामुळे उंचसखलपणा दिसतो आणि चित्राला खोली येते. दुसरी, आदळून माघारी येणारे इलेक्ट्रॉन. जड मूलद्रव्यांवरून ते जास्त परततात, म्हणून शिसे किंवा पारा असलेला कण आजूबाजूच्या कॅल्शियमपेक्षा उजळ दिसतो. तिसरी गोष्ट क्ष-किरण. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा ठरलेली असते, त्यावरून त्या जागी कोणती मूलद्रव्ये आहेत ते ओळखता येते. या जोडतपासणीला ईडीएस म्हणतात. पुढे भस्माच्या प्रकरणात तिचा पुन्हा उल्लेख येईल, म्हणून नाव लक्षात ठेवा.

नमुना कोरडा लागतो, कारण यंत्राच्या आत हवा काढून घेतलेली असते. नमुन्यातून वीज वाहत नसेल तर त्याच्यावर सोन्याचा, प्लॅटिनमचा किंवा कार्बनचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात, नाहीतर इलेक्ट्रॉन साचून चित्र पांढरेफटक पडते. त्यामुळे जिवंत पेशी नेहमीच्या एसईएममध्ये पाहता येत नाहीत. जे दिसते ते वाळवलेले, मुलामा दिलेले असते.

या कल्पनेवर जर्मनीत मॅनफ्रेड फॉन आर्डेन यांनी १९३७ च्या सुमारास काम केले. पुढे केंब्रिजमध्ये चार्ल्स ओटली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यंत्र वापरण्याजोगे केले आणि १९६५ मध्ये ते बाजारात आले. याचा एक भाऊबंद आहे, ज्यात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये करोना विषाणूचा जो फोटो प्रसिद्ध केला तो त्या आरपार पद्धतीचा होता, एसईएमचा नव्हता. दोन्हींना लोक ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.

मुदखेडात किंवा नांदेडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. हे संशोधनाचे यंत्र आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईचे आयआयटी अशा ठिकाणी त्यावर काम चालते. आयआयटीच्या केंद्रात बाहेरच्या संस्थांनाही शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात.

मुतखडा: दगडाच्या आतला नकाशा

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. घाम भरपूर, लघवी थोडी आणि घट्ट. मार्च संपला की पाठीतून जांघेकडे जाणाऱ्या कळा घेऊन येणारे रुग्ण वाढतात. बरेच जण पानफुटी किंवा हुलग्याचा काढा घेऊन झाल्यावर येतात, आणि काहींच्या खिशात कागदात गुंडाळलेला, लघवीतून पडलेला खडा असतो. तो फेकून न देता आणला हे फार चांगले केलेले असते. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत पुन्हा होतो, आणि पुढचा टाळायचा तर पहिला कशाचा होता हे कळायला हवे.

सुमारे ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात, त्यांतही बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. पण ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ एवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्याचे दोन स्फटिक असतात. एकात पाण्याचा एक रेणू, दुसऱ्यात दोन. एसईएममध्ये दोन्ही अगदी वेगळे दिसतात. दोन रेणूंचा स्फटिक म्हणजे पायाला पाया जोडलेले दोन पिरॅमिड, कडा धारदार. लघवीतून जाताना तो इतका का टोचतो हे फोटो पाहिला की कळते. एका रेणूचा स्फटिक पातळ पापुद्र्यांसारखा, एकावर एक दाटून बसलेला, आणि त्याचा खडा तपकिरी, टणक होतो. पहिला प्रकार लघवीत कॅल्शियम जास्त जात असल्याकडे बोट दाखवतो, दुसरा ऑक्झलेट जास्त असल्याकडे. उपाय त्यानुसार बदलतात. टणक खडा ध्वनिलहरींनी सहजी फुटत नाही, हीसुद्धा कामाची माहिती आहे.

संसर्गामुळे होणारे खडे वेगळे. त्यात मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेट असते, स्फटिक शवपेटीच्या झाकणासारखे. अशा खड्यांच्या फॉस्फेटमध्ये कधी कधी जिवाणूंचे ठसे दिसतात, ओल्या सिमेंटवर कोंबडीचे पाय उमटावेत तसे. लघवीच्या कल्चरमध्ये काही उगवले नाही तरी खड्याने जिवाणूंची नोंद ठेवलेली असते. सिस्टीनचे खडे षटकोनी चकत्यांचे. ते दिसले की आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो.

खडा सुरू कुठून होतो, हाही प्रश्न या यंत्रामुळे बराच उलगडला. अमेरिकेतले शल्यविशारद अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर कॅल्शियमचे पांढरे चट्टे असल्याचे दाखवले होते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांनी दाखवले की हे चट्टे म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म गोळ्यांचे थर आहेत आणि खडा त्यांच्यावर बूड टेकवून वाढतो. म्हणजे कळ यायच्या कितीतरी आधी, नॅनोमीटरच्या मापात, पाया घातला गेलेला असतो. पाणी पिण्याची सवय कळ थांबली तरी सोडू नका असे डॉक्टर सांगतात, ते यासाठी.

खड्याच्या रूपावरून एखाद्याचे मूत्रपिंड वाचू शकते, याचे सर्वांत चांगले उदाहरण फ्रान्समधले आहे. मिशेल दोदाँ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका आनुवंशिक आजारातल्या खड्यांचे वर्णन केले. या आजारात यकृत प्रमाणाबाहेर ऑक्झलेट तयार करते आणि मूत्रपिंडे निकामी होत जातात. त्यांचे खडे रासायनिकदृष्ट्या एका रेणूच्या नेहमीच्या ऑक्झलेटचेच, पण रंग तपकिरी नसून फिकट, आणि आतून नीट थर न बसता सैलसर गोळे जमलेले. नेहमीच्या अहवालात फक्त ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ आले असते. लहान मुलाचा खडा असा दिसला तर पुढच्या तपासण्या लगेच होतात, आणि काही मुलांना बी-६ जीवनसत्त्वासारखा साधा उपचारही लागू पडतो. म्हणून लहान मुलाला झालेला खडा, किंवा घरात दोघातिघांना झालेले खडे, तपासल्याशिवाय सोडू नयेत.

मग प्रत्येकाचा खडा एसईएममध्ये घालायचा का? नाही. नेहमीच्या कामासाठी इन्फ्रारेड तपासणी, म्हणजे एफटीआयआर, पुरेशी आणि स्वस्त आहे. ती खडा कशाचा आणि किती टक्के ते सांगते. नांदेडच्या लॅबमध्ये खडा दिलात तर तो मोठ्या शहरात पाठवून ही तपासणी होऊ शकते. पद्धत कोणती ते मात्र विचारून घ्या. जुनी रासायनिक पद्धत, जिच्या अहवालात ‘कॅल्शियम: आहे, ऑक्झलेट: आहे, फॉस्फेट: आहे’ एवढेच येते, तिच्यावर माझा भरवसा कमी आहे. मूत्रविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांतही एफटीआयआर किंवा क्ष-किरण विवर्तन यांनाच पसंती आहे.

खडा जपायचा असा: लघवी चहाच्या गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा. सापडलेला खडा साध्या पाण्याने धुऊन कागदावर वाळवा आणि कोरड्या डबीत ठेवा. फॉर्मॅलिन, स्पिरिट काही नको. चिकटपट्टीने कागदावर चिकटवू नका, पट्टीचा गोंद इन्फ्रारेड तपासणीत घोटाळा करतो.

पथ्याबद्दल थोडक्यात. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या; शेतात काम करणाऱ्याला मे महिन्यात त्यासाठी चार-पाच लिटर प्यावे लागू शकते. मीठ कमी करा. दूध-दही बंद करू नका: आहारात पुरेसे कॅल्शियम असले की ते आतड्यातच ऑक्झलेटला बांधते, आणि ते बंद केल्याने खडे वाढू शकतात. कळांबरोबर थंडीताप असेल, लघवी बंद झाली असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा रुग्ण गरोदर असेल, तर काढ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी नांदेड गाठा.

दातांबद्दल दोन ओळी

दाताचे आवरण हाही एक नॅनो पदार्थच आहे. कॅल्शियम फॉस्फेटच्या, काही दहा नॅनोमीटर जाडीच्या काड्यांच्या जुड्या. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, आणि एसईएममध्ये अशा दातांचे आवरण आतून सच्छिद्र दिसते. डाग वरून घासून का जात नाहीत याचे उत्तर त्यात आहे. पण त्यावरचा उपाय पाण्याची तपासणी हाच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरे पाणीच नसेल तर जास्तीत जास्त १.५.

भस्म: बारीक आहे, पण कशाचे?

भस्मांच्या बाबतीत प्रश्न जास्त गंभीर आहे. रसशास्त्रात धातू शोधून, मारून, पुटे देऊन भस्म करतात आणि ते तयार झाले का हे पाहायच्या कसोट्याही आहेत. चिमूट बोटांत चोळली की ते बोटाच्या रेषांत शिरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे, त्यात धातूची चकाकी उरता कामा नये. यंत्र नसलेल्या काळात या कसोट्या हुशारीच्या होत्या. पण बोटावरच्या रेषा एकमेकींपासून साधारण अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे पाच लाख नॅनोमीटरवर असतात. रेषेत शिरणारी पूड बारीक असते हे खरे, ती नॅनो असते असे त्यावरून ठरत नाही.

महाराष्ट्रात यावर गंभीर काम झाले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांचा ताम्रभस्माच्या घडणीवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आघारकर संस्थेचे किशोर पाकणीकर आणि परदेशी सहकारी यांनी २००७ मध्ये स्वर्णभस्मातले सोने तपासले. त्यात सोन्याच्या स्फटिकांचा सरासरी आकार ५७ नॅनोमीटरच्या आसपास आढळला, आणि हाच आकडा पुढे जाहिरातींत गेला. मात्र त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच स्वर्णभस्माला नॅनो न म्हणता मायक्रो कणांचे औषध म्हटले आहे. यात विरोध नाही. लहान स्फटिक एकमेकांना चिकटून मोठे कण होतात, ज्वारीचे दाणे कणसात असतात तसे. दाणा मोजायचा की कणीस, यावर आकडा ठरतो. एसईएममध्ये बहुधा कणीस दिसते.

आता ईडीएसकडे येऊ. काही उत्पादक तपासणीचा अहवाल दाखवतात: ‘ईडीएसमध्ये शिसे किंवा पारा आढळला नाही.’ वाचणाऱ्याला वाटते, औषध शुद्ध. पण ईडीएसला एखादे मूलद्रव्य दिसायला ते साधारण ०.१ टक्का, म्हणजे दहा लाखांत हजार भाग तरी असावे लागते. भारतात वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांसाठी शिशाची कमाल मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे, आर्सेनिकची ३, पाऱ्याची १. म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट शिसे असले तरी या यंत्राला ते दिसणार नाही. शिवाय शिसे आणि गंधक यांच्या क्ष-किरणांची ऊर्जा जवळजवळ सारखी आहे. गंधक तर अनेक रसौषधींत असतेच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे वाचले जाऊ शकते. इतक्या थोड्या धातूसाठी आयसीपी-एमएस ही तपासणी लागते. अहवालात तिचे नाव नसेल, तर शिसे नसल्याच्या दाव्याला माझ्या लेखी किंमत नाही.

एक गंमतही सांगतो. स्वर्णभस्माच्या नमुन्यावर सोन्याचाच मुलामा चढवून ईडीएस केले, तर पुडीत काहीही असो, अहवालात सोने येणारच. जाणकार अशा वेळी कार्बनचा मुलामा देतात.

आणि कण खरोखर नॅनो असले, तरी ते सुरक्षित ठरतात का? एक मिलिमीटर बाजूचा घन १०० नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला तर त्याचा एकूण पृष्ठभाग दहा हजारपट होतो, जवळपास ए-फोर कागदाएवढा. पृष्ठभाग वाढला की पदार्थ जास्त विरघळू शकतो, जास्त शोषला जाऊ शकतो. औषध उपयोगी असेल तर हे चांगले. त्यात शिसे असेल तर हेच वाईट. यातले काय घडते ते फोटोत दिसत नाही. त्यासाठी प्राण्यांवरचे आणि माणसांवरचे अभ्यास लागतात.

असा फोटो समोर आला तर चार गोष्टी पाहा. मापाची रेघ आहे का आणि ती किती नॅनोमीटरची; ‘५०,००० पट मोठे’ हा आकडा मोबाइलवर फोटो लहानमोठा केला की निरर्थक होतो. फोटो एकच आहे की अनेक. एवढ्या मोठेपणात चित्राची रुंदी दोन-तीन हजार नॅनोमीटर भरते आणि एका चिमटीत असे कोट्यवधी कण असतात, त्यातला देखणा तेवढा निवडता येतो. नमुना कोणत्या घाण्याचा आहे. तुमच्या हातातल्या डबीवरचा घाणा क्रमांक तोच आहे का. आणि तपासणी कोणत्या प्रयोगशाळेने केली.

शिशाची कळ आणि मुतखड्याची कळ

मुतखडा आणि भस्म दवाखान्यात एकत्र येतात ते इथे. नागभस्म शिशापासून करतात आणि ते मधुमेहासाठी दिले जाते. त्याखेरीज ज्यांच्या लेबलवर धातूचे नावही नाही अशा औषधांत शिसे सापडल्याच्या नोंदी आहेत. रॉबर्ट सेपर यांनी २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक होते. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के निघाले. सगळीच आयुर्वेदिक औषधे अशी असतात असा याचा अर्थ नाही. बहुतेक नमुन्यांत हे धातू सापडले नव्हते.

शिसे अंगात साठले की पोटात जोराची मुरड येते, शौचास होत नाही, तोंडाला धातूसारखी चव येते, अंगात रक्त कमी होते, हातपाय गळतात. रुग्ण ‘खडा असेल’ म्हणून सोनोग्राफी करून घेतो आणि ती स्वच्छ येते. मग वेदनाशामक, पुन्हा सोनोग्राफी, कधी अपेंडिक्सचा संशय. या सगळ्यात ‘महिनोन्महिने एखादी पुडी किंवा भस्म चालू आहे का?’ हा प्रश्न राहून जातो, कारण रुग्णाच्या लेखी ते औषध नसतेच. लहान मुलांत आणि गरोदर बाईत हे अधिक धोक्याचे, कारण शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो.

असा संशय आला तर रक्तातल्या शिशाची तपासणी करता येते. रक्त नांदेडला घेतात आणि नमुना मोठ्या लॅबमध्ये जातो. शिसे जास्त निघाले तर पहिला उपाय ते औषध बंद करणे, आणि पातळी फार असेल तर शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात देतात. उरलेली पुडी फेकून देऊ नका. तिची डबी, लेबल, घाणा क्रमांक आणि बिल असेल तर तेही घेऊन या. पुडीतली पूड आयसीपी-एमएसला पाठवता येते, आणि त्याच घाण्याचे औषध घेणारे घरातले इतर लोकही त्यामुळे वेळेवर तपासले जातात.